शास्त्रपाठाधिष्ठित दैनंदिन ख्रिस्ती प्रार्थना : स्वरूप, परंपरा आणि मराठी संदर्भ

सारांश

ख्रिस्ती धर्मजीवनात दैनंदिन प्रार्थना आणि पवित्र शास्त्राचे वाचन यांचा संबंध अतिशय निकटचा आहे. वाचन हे प्रार्थनेपूर्वीचे केवळ एक औपचारिक कर्म नसून प्रार्थनेचा आशय, तिची भाषा आणि तिची दिशा वाचनातूनच घडते, अशी या परंपरेची धारणा आहे. प्रस्तुत लेखात या धारणेचे स्वरूप, तिचा ऐतिहासिक विकास, वाचनक्रमाची व्यवस्था, एका शास्त्रपाठावरून प्रार्थना कशी घडते याचे उदाहरण, या पद्धतीपुढील अडचणी आणि मराठी भाषेशी असलेले तिचे नाते यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : शास्त्रपाठ, दैनंदिन प्रार्थना, स्तोत्रसंहिता, वाचनक्रम, मनन, मराठी बायबल.

१. प्रस्तावना

'प्रार्थना' हा शब्द 'प्र + अर्थ्' या संस्कृत धातूपासून सिद्ध झाला असून 'मागणे, याचना करणे' हा त्याचा मूलार्थ आहे. 'माझी आपणांस प्रार्थना आहे की' असे जुन्या वळणाच्या मराठी पत्रांत लिहिले जात असे, तेव्हा हाच अर्थ अभिप्रेत असे. त्यामुळे 'ख्रिस्ती माणूस रोज प्रार्थना करतो' या विधानाचा अर्थ 'तो रोज देवाजवळ काही मागतो' असा सहजच घेतला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे.

ख्रिस्ती परंपरेतील दैनंदिन प्रार्थनेचा आरंभ पुष्कळदा मागण्याने होत नाही, तो वाचनाने होतो. घरातील एखादी व्यक्ती बायबल उघडते, त्या दिवशीचा उतारा मोठ्याने वाचते, काही क्षण शांतता पाळली जाते आणि त्यानंतर प्रार्थना केली जाते. त्या प्रार्थनेत घरातील आजारी माणसाचे नाव येते, परीक्षेला बसलेल्या मुलाचे येते, पावसाचा आणि पिकापाण्याचा उल्लेख येतो. परंतु हे सारे नुकत्याच वाचलेल्या उताऱ्यातील शब्दांच्या आधाराने बोलले जाते. मठांमध्ये आणि चर्चमध्ये हीच गोष्ट अधिक नियमबद्ध रीतीने घडते.

यातून काही प्रश्न निर्माण होतात. वाचायचा उतारा दुसऱ्याने ठरविलेला, त्यातील शब्द अनेक शतकांपूर्वीच्या परक्या देशातील माणसांचे. मग त्यातून निघणारी प्रार्थना प्रार्थना करणाऱ्याची स्वतःची कशी म्हणता येईल? मनात दुःख असताना त्या दिवशीचा पाठ आनंदाचा निघाला, तर काय करावे? आणि मागण्यासाठीच जो देवापुढे आला आहे, त्याला आधी ऐकायला का लावावे? शास्त्रपाठ हा मागण्याला पर्याय नसून 'काय मागावे' हे शिकविणारी ती शाळा आहे, असे उत्तर या परंपरेने दिलेले दिसते. पुढील विवेचन याच उत्तराचा उलगडा करणारे आहे.

२. आधी श्रवण, मग भाषण

ख्रिस्ती धर्मविचारानुसार देव हा बोलणारा आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सृष्टी शब्दाने निर्माण होते. संदेष्ट्यांकडे देवाचे वचन येते. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभही शब्दाच्याच उल्लेखाने होतो. देव प्रथम बोलतो असे मानल्यावर माणसाची प्रार्थना ही ओघानेच उत्तराच्या स्थानी येते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते. ती कोणाची हे त्याला उमगत नाही. वृद्ध एली त्याला जे शिकवतो ते मागणे नव्हे. आपण ऐकत आहोत, असे सांगण्याची ती तयारी आहे. यशयाच्या पन्नासाव्या अध्यायातील सेवकाचा कानही रोज सकाळी जागा केला जातो. दैनंदिन शास्त्रपाठामागील भूमिका या दोन प्रसंगांत स्पष्ट दिसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजाच्या पंचविसाव्या परिच्छेदात ही भूमिका नेमकेपणाने मांडली आहे. शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड असावी, म्हणजे देव आणि मनुष्य यांच्यात संवाद घडेल, असे तेथे म्हटले असून त्यासाठी चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्या वचनाचा आधार घेतला आहे. वाचताना माणूस देवाचे ऐकतो आणि प्रार्थना करताना त्याच्याशी बोलतो, असा त्या वचनाचा आशय आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये शास्त्राला असलेले सर्वोच्च स्थान लक्षात घेता तेथेही हाच क्रम रूढ झाला. सिद्धान्ताच्या अनेक बाबतीत मतभेद असलेल्या या दोन परंपरा दैनंदिन प्रार्थनेच्या बाबतीत मात्र एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत.

३. प्रहरांची प्रार्थना आणि स्तोत्रसंहिता

दिवसाच्या ठरावीक वेळी प्रार्थना करण्याची चाल ख्रिस्ती धर्माला यहुदी धर्माकडून मिळाली. अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील वचने यहुदी लोक सकाळ-संध्याकाळ म्हणत आले आहेत. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करीत असे, असे त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र व योहान दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी, मंदिराकडे जाताना दिसतात. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचल्या गेलेल्या 'दिदाखे' या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असा नियम आढळतो.

या प्रहरांच्या प्रार्थनेचा मुख्य आधार म्हणजे बायबलमधील १५० स्तोत्रांचा संग्रह, अर्थात स्तोत्रसंहिता. स्तोत्रांचे वैशिष्ट्य असे की, ती शास्त्रही आहेत आणि प्रार्थनाही. अन्य ग्रंथांतून देव माणसाला उद्देशून बोलतो, तर स्तोत्रांतून माणूस देवाला उद्देशून बोलतो. आणि तरीही ती देवाच्या वचनाचाच भाग मानली जातात. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशिअस यांनी मार्सेलिनस यास लिहिलेल्या पत्रात या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले आहे. शास्त्रातील इतर शब्द वाचक हा दुसऱ्याचे शब्द म्हणून वाचतो, परंतु स्तोत्र म्हणताना ते त्याचे स्वतःचे शब्द होतात आणि त्यांत त्याला आरशाप्रमाणे आपल्याच मनाचे रूप दिसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रस्तावनेत उपस्थित केलेल्या पहिल्या प्रश्नाचे हे एक प्राचीन उत्तर होय. भाषा जशी दुसऱ्याकडून ऐकून आपली होते, तशीच प्रार्थनाही होते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीतील मठवासीयांसाठी जी नियमावली सिद्ध केली, तिने या प्रथेला शिस्त दिली. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा मठवासीयांनी एकत्र यावे आणि आठवडाभरात सर्व १५० स्तोत्रे पूर्ण करावीत, असा तिचा नियम आहे. पूर्वज जे एका दिवसात करीत ते आपण निदान एका आठवड्यात तरी करावे, अशी नम्र जाणीवही त्यात आहे. याच नियमावलीच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात शारीरिक श्रम आणि शास्त्रवाचन यांच्या वेळा शेजारी शेजारी नेमून दिल्या आहेत. उपवासकाळात प्रत्येकाने एक ग्रंथ घ्यावा आणि तो सलग, आरंभापासून शेवटपर्यंत वाचावा, असेही तेथे सांगितले आहे.

ज्यांना वाचता येत नव्हते अशा सामान्य भाविकांचा या व्यवस्थेत शिरकाव कसा व्हावा, हा प्रश्न होताच. मध्ययुगात १५० स्तोत्रांच्या जागी १५० वेळा 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणण्याची रीत रूढ झाली आणि रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, प्रार्थनेच्या घडणीत तिचा मोठा वाटा आहे. निरक्षराची स्तोत्रसंहिता असे तिचे वर्णन करता येईल. साक्षरता आणि प्रार्थना यांचा हा संबंध महाराष्ट्राच्या संदर्भातही महत्त्वाचा ठरतो.

४. वाचनापासून प्रार्थनेपर्यंत : चार पायऱ्या

वाचनाचे रूपांतर प्रार्थनेत नेमके कसे होते, याचे सर्वांत स्पष्ट वर्णन बाराव्या शतकातील ग्विगो या कार्थुसियन मठाधिपतीने केले आहे. फ्रान्समधील ग्रांद शार्त्रझ या मठाचा तो प्रमुख होता. शास्त्राच्या प्रार्थनापूर्वक वाचनाला लॅटिनमध्ये 'लेक्तिओ दिविना' म्हणजे 'दिव्य वाचन' म्हणतात. ग्विगोने त्याची शिडीशी तुलना केली असून तिच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन.

या पायऱ्या समजावून देण्यासाठी त्याने जेवणाचा दृष्टान्त योजला आहे. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थना म्हणजे त्याची चव लागणे आणि चिंतन म्हणजे ती गोडी अनुभवत स्वस्थ राहणे. मध्ययुगीन मठवासी मननासाठी 'रवंथ' हाच शब्द वापरीत. सकाळी वाचलेले एखादे वाक्य दिवसभर काम करताना ओठांवर घोळवीत राहावे, म्हणजे त्याचा अर्थ हळूहळू अंगी लागतो, अशी त्यांची समजूत होती. ग्विगोच्या विवेचनात मननानंतर येणारी प्रार्थना ही एक प्रकारची कबुली आहे. वाचलेल्या गोष्टीचे मोल तर समजले, पण ती आपल्या बळावर मिळवता येत नाही, हे ध्यानात आल्यावर माणूस मागू लागतो. मागणे येथे तिसऱ्या पायरीवर आहे आणि पहिल्या दोन पायऱ्यांनी त्याचा विषय ठरवून दिलेला आहे.

भारतीय वाचकाला या ठिकाणी 'श्रवण, मनन, निदिध्यासन' या उपनिषदांतील क्रमाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हींत ऐकलेले आत मुरविण्यावर भर आहे. तथापि एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. उपनिषदांतील क्रम आत्मज्ञानाकडे नेणारा आहे, तर ग्विगोच्या क्रमात मनन आणि चिंतन यांच्यामध्ये याचनेची एक स्वतंत्र पायरी आहे. अंतिम अनुभव हा साधकाने मिळवायचा नसून देवाने द्यायचा आहे, ही भक्तिपर भूमिका त्यातून व्यक्त होते. त्या दृष्टीने त्याचे नाते वारकरी संप्रदायातील नित्यनेमाशी आणि संतांनी केलेल्या करुणेच्या अभंगांशी अधिक जुळते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० मध्ये प्रसृत केलेल्या 'व्हेर्बुम दोमिनी' या प्रबोधनपत्रात या चार पायऱ्यांचे पुन्हा विवेचन करून, हे वाचन कृतीत उतरल्यावाचून पूर्ण होत नाही, असे सांगितले आहे.

५. पाठ कोणी निवडावा?

आवडीचे उतारे निवडून वाचण्याची मुभा असली, तर माणूस पुन्हा पुन्हा तेच तेच उतारे वाचतो. धीर देणारी वचने वारंवार वाचली जातात आणि जाब विचारणारी बाजूला राहतात. यावर उपाय म्हणून वाचनक्रम निर्माण झाले. कोणत्या दिवशी काय वाचावे हे त्यात आधीच निश्चित केलेले असते.

इंग्लंडमध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ मध्ये सिद्ध केलेल्या 'सामान्य प्रार्थनेच्या पुस्तका'त मठांतील अनेक प्रहरांच्या प्रार्थना एकत्र करून सकाळची व संध्याकाळची अशा दोनच उपासना ठेवण्यात आल्या. या उपासना लोकांच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत होत्या. स्तोत्रसंहितेचे साठ भाग करून ती महिन्यातून एकदा, जुन्या कराराचा बहुतेक भाग वर्षातून एकदा आणि प्रकटीकरणाचे पुस्तक वगळता नवा करार वर्षातून तीनदा वाचला जावा, अशी योजना होती. बायबलमधील पुस्तके आरंभ करून अर्धवट सोडली जातात आणि वाचायचे काय हे शोधण्यातच वाचण्यापेक्षा अधिक वेळ जातो, अशी तक्रार त्याच्या प्रस्तावनेत आढळते.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि श्रद्धावंतांसाठी शास्त्राचे भांडार अधिक खुले करावे, असा निर्णय घेतला. त्यानुसार १९६९ मध्ये नवा वाचनक्रम आला. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असून त्यात अनुक्रमे मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने मुख्यत्वे वाचली जातात. आठवड्यातील इतर दिवशी, सामान्य काळात, पहिल्या वाचनाचे चक्र दोन वर्षांचे आहे, तर शुभवर्तमानाचे वाचन दरवर्षी तेच असते. १९७० मध्ये मान्यता मिळालेल्या 'प्रहरांच्या प्रार्थने'त स्तोत्रसंहिता चार आठवड्यांत विभागलेली आहे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या १९९२ च्या 'सुधारित सामायिक वाचनक्रमा'चा उपयोग करतात. तोही या तीन वर्षांच्या चक्रावरच उभा आहे.

याहून वेगळा प्रकार जर्मनीतील हेर्नहूट या गावी जन्माला आला. तेथे काउंट त्सिन्त्सेनडोर्फ यांच्या आश्रयाने वसलेल्या मोरावियन समाजात १७२८ पासून दररोज एक वचन घरोघरी सांगण्याची प्रथा सुरू झाली. १७३१ पासून ही वचने वर्षभरासाठी छापली जाऊ लागली आणि ती परंपरा आजही चालू आहे. जुन्या करारातील सुमारे अठराशे वचनांच्या संग्रहातून प्रत्येक दिवसाचे वचन चिठ्ठी काढून ठरते. त्याच्याशी जुळणारे नव्या करारातील वचन निवडले जाते आणि सोबत एखादी छोटी प्रार्थना किंवा गीताचे कडवे दिले जाते. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्यामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी गेलेले जर्मन धर्मपंडित डीट्रिख बाँहोफर हे या वचनांचे नित्य वाचक होते.

या तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. त्या दिवशीच्या पाठाची निवड वाचकाच्या हाती नाही. आनंदाच्या दिवशी विलापाचे स्तोत्र आले, तर वाचक ते विलाप करणाऱ्या कोणा दुसऱ्यासाठी म्हणतो. दुःखाच्या दिवशी स्तुतीचे स्तोत्र आले, तर जगाच्या पाठीवर कोणीतरी ते मनापासून म्हणत आहे या जाणिवेने त्याला सोबत मिळते. प्रस्तावनेतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. नेमलेला पाठ माणसाला त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीच्या बाहेर काढतो आणि इतरांच्या शेजारी उभा करतो.

६. एक उदाहरण : मार्क, अध्याय १०

पाठावरून प्रार्थना कशी घडते हे एका उदाहरणावरून पाहता येईल. कॅथलिक वाचनक्रमात सामान्य काळाच्या आठव्या आठवड्यात बुधवारी मार्क १०:३२–४५ आणि गुरुवारी मार्क १०:४६–५२ हे उतारे येतात. रविवारच्या चक्रात मार्कच्या वर्षी हेच प्रसंग लागोपाठच्या दोन रविवारी वाचले जातात.

पहिल्या उताऱ्यात जब्दीचे पुत्र याकोब व योहान येशूकडे येतात आणि आपण जे मागू ते त्याने करावे, असे म्हणतात. मी तुमच्यासाठी काय करावे, असे येशू विचारतो. त्याच्या वैभवात त्याच्या उजव्या व डाव्या हाताला बसण्याची जागा त्यांना हवी असते. तुम्ही काय मागता हे तुम्हांला कळत नाही, या आशयाचे उत्तर त्यांना मिळते. दुसऱ्या उताऱ्यात यरीहोच्या रस्त्याच्या कडेला बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारतो. लोक त्याला गप्प बसवू पाहतात, तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि तोच प्रश्न विचारतो. बार्तीमयाला दृष्टी हवी असते. ती मिळताच तो वाटेने येशूच्या मागे चालू लागतो.

हे दोन उतारे सुटे वाचले तर एक महत्त्वाकांक्षेविषयीचा आणि दुसरा आरोग्यदानाविषयीचा वाटतो. लागोपाठ वाचल्यावर मात्र एकच प्रश्न दोनदा विचारला गेला आहे, हे लक्षात येते. वाचनाच्या पायरीवर ही पुनरुक्ती दिसते. मननाच्या पायरीवर वाचक स्वतःला विचारतो की, हा प्रश्न आज आपल्याला विचारला, तर आपले उत्तर कोणत्या उत्तरासारखे असेल. शिष्य जवळचे होते, त्यांना डोळे होते, तरी त्यांना दिसत नव्हते. भिकारी दूर होता, आंधळा होता, तरी काय मागावे ते त्याला कळले होते. प्रार्थनेच्या पायरीवर वाचक आपली मागणी देवापुढे ठेवतो. ती नोकरीची असेल, मुलाच्या प्रवेशाची असेल, घरातल्या वादाची असेल. पाठाने ती मागणी निषिद्ध ठरविलेली नाही. परंतु मानाच्या जागेसाठी आपण किती झगडत आहोत आणि पुढ्यात असलेले काय आपल्याला दिसत नाही, हा विचार आता तिच्यासोबत आहे. आरंभी मनात होती तीच मागणी शेवटी ओठांवर येईल असे नाही. चिंतनाच्या पायरीवर शब्द थांबतात. आणि कृतीच्या पायरीवर, रस्त्याच्या कडेने हाका मारणाऱ्या कोणाला आपण गप्प बसवीत तर नाही ना, हे पाहिले जाते.

शास्त्रपाठ मागण्याची शाळा आहे असे वर म्हटले, त्याचा अर्थ हा असा आहे. येथे दिलेली प्रार्थना कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. तरीही ती त्या पाठावाचून सुचली नसती.

७. अवघड पाठ आणि गैरवापर

ही पद्धती अडचणींपासून मुक्त नाही. पहिली अडचण आहे ती अवघड पाठांची. काही स्तोत्रांत शत्रूच्या नाशाची उघड मागणी आहे. शत्रूवर प्रीती करण्याची शिकवण देणाऱ्या धर्माच्या अनुयायाने ती कशी म्हणावीत? कॅथलिक 'प्रहरांच्या प्रार्थने'त ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे पूर्णपणे आणि इतर काही स्तोत्रांतील अशी वचने वगळण्यात आली. याउलट मत असे की, ज्याच्यावर घोर अन्याय झाला आहे त्याच्या मनात सूडाची भावना असतेच. ती देवापुढे मांडली तर सूड घेण्याचे काम त्याच्यावर सोपवता येते, दडपली तर ती अन्य मार्गाने बाहेर पडते. या वादाचा निर्णय अद्याप झालेला नाही. परंतु प्रार्थना म्हणजे केवळ गोड भावनांची अभिव्यक्ती नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

विलापाच्या स्तोत्रांबाबत परंपरा अधिक धीट राहिली आहे. ८८ वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावर संपते. त्याला आशेचा शेवट नाही. तरीही 'प्रहरांच्या प्रार्थने'त ते दर शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या वारी, रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ठेवलेले आहे. वधस्तंभावर खुद्द येशूच्या मुखी २२ व्या आणि ३१ व्या स्तोत्रातील शब्द होते, असे शुभवर्तमाने सांगतात. पाठ असलेले शब्द स्वतःचे शब्द सुचेनासे होतात तेव्हा उपयोगी पडतात. मृत्युशय्येजवळ बसलेल्या अनेक कुटुंबांचा २३ व्या स्तोत्राबाबतचा अनुभव याहून वेगळा नाही.

दुसरी अडचण वचनाला कौल समजण्याची. सकाळचे वचन हे आज व्यवहार करावा की नाही याचे उत्तर आहे, असे मानणारे भाविक आढळतात. संदर्भ सोडून एकटे वचन उचलले तर कोणताही अर्थ काढता येतो. त्यामुळे वचन ज्या अध्यायातील आहे तो अध्याय वाचावा, असा सल्ला अनुभवी धर्मगुरू व पाळक देतात. तिसरी अडचण यांत्रिकतेची आहे. ठरलेला भाग कसाबसा उरकला जातो आणि मननाला वेळ उरत नाही. पारायण झाले पण ग्रंथ वाचला गेला नाही, ही तक्रार मराठी समाजाला अपरिचित नाही.

८. मराठी भाषेतील शास्त्रपाठ

प्रार्थना वाचनातून घडते असे मानले की, ते वाचन कोणत्या भाषेत आहे याला मोठे महत्त्व येते. ज्या भाषेत माणूस रडतो आणि भांडतो, त्या भाषेत शास्त्र नसेल तर त्याची प्रार्थना परकीच राहील. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात ही जाणीव आरंभापासून दिसते.

इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यास आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्यात बायबलमधील कथा ओवीच्या चालीत सांगितली आहे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना ऐकण्यासाठी शास्त्र मिळाले ते या रूपाने. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्याही कानी ते पडत होते.

बायबलचा मराठी अनुवाद करण्याचे कार्य श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि १८११ मध्ये नवा करार प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनने व बायबल सोसायटीने हे काम चालविले. या अनुवादांची भाषा घरातल्या बायकांना व खेड्यातल्या माणसांना समजत नाही, ही पंडिता रमाबाईंची तक्रार होती. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. केडगाव येथील मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच त्याची जुळणी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ मध्ये हे बायबल प्रकाशित झाले. ज्यांना समाजाने टाकले होते त्यांच्या हातांनी शास्त्राचा एकेक शब्द खिळ्यांतून जुळवला गेला, ही घटना अनुवादाच्या इतिहासाइतकीच प्रार्थनेच्या इतिहासातही नोंदविण्यासारखी आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी दुसरी बाजू सांभाळली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी शास्त्राच्या आशयाला अभंगाचे व भजनाचे रूप दिले. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या अनेक रचना समाविष्ट आहेत. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील आणि परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांत पहिल्या पिढीतील अनेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्याकडे शास्त्र गीतातून आले आणि प्रार्थनेची भाषाही गीतातूनच घडली. देवाला 'तू' म्हणण्याची मराठी संतांची रीत मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतही तशीच चालू राहिली. ज्या भाषेत आईला आणि विठ्ठलाला एकेरीत हाक मारतात, त्या भाषेत स्वर्गीय पित्याशी बोलताना आदर आणि जवळीक यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही.

वसईच्या कॅथलिक समाजात लॅटिनच्या जागी मराठी उपासना आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध करून हे कार्य पुढे नेले. २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे २०२४ मध्ये निधन झाले. प्रोटेस्टंट बाजूस २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, पुस्तकातून ठरलेली प्रार्थना म्हणणारी अँग्लिकन परंपरा आणि उत्स्फूर्त प्रार्थनेवर भर देणारी अमेरिकन मिशनची परंपरा एकत्र आल्या. त्यांतील पहिलीला शब्दांच्या शिळेपणाचा धोका असतो, तर दुसरीला त्याच त्या वाक्यांत फिरत राहण्याचा. दोहोंना ताजे ठेवणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे त्या दिवशी वाचलेला नवा पाठ.

९. समारोप

शास्त्रपाठाधिष्ठित दैनंदिन प्रार्थनेचे स्वरूप पाहता पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, या परंपरेत प्रार्थना हे उत्तर आहे. म्हणून तिच्या आधी श्रवणाला स्थान आहे. दुसरा असा की, नेमलेला वाचनक्रम भाविकाच्या स्वातंत्र्याचा संकोच करीत नाही. तो त्याला त्याच्या आवडीनिवडीच्या मर्यादेतून बाहेर काढतो. तिसरा असा की, वाचलेले शब्द मननाने स्वतःचे होतात आणि मनन वगळले तर पाठ केवळ उरकला जातो. चौथा असा की, शास्त्र मातृभाषेत आणि सुगम असणे ही या प्रार्थनेची अटच आहे. स्टीफन्स, रमाबाई आणि टिळक यांच्या कार्याचे मोल या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

'प्रार्थना' या शब्दाचा मूलार्थ मागणे हा आहे आणि ख्रिस्ती प्रार्थनेने तो सोडलेला नाही. यरीहोच्या रस्त्यावरच्या भिकाऱ्यालाही शेवटी मागावेच लागले. मात्र त्याच्या आधी कोणीतरी थांबले होते, त्याला जवळ बोलावले होते आणि त्याला काय हवे आहे हे विचारले होते. रोज सकाळी उघडलेल्या शास्त्राच्या पानावर तोच प्रश्न वाचकाची वाट पाहत असतो, या विश्वासावर ही सारी परंपरा उभी आहे.